नेमबाजीचा जमाखर्च
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

नेमबाजी हा राजेरजवाड्यांचा नाहीतर लष्करातल्या लोकांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माझीही तीच होती. कामणसारख्या गावात वाढलेल्या मुलीचा बंदुकीशी संबंध येणार तो जत्रेतल्या फुगे फोडण्याच्या दुकानापुरता. महाशिवरात्रीला तुंगारेश्वरला गर्दी लोटली की रस्त्याकडेला फळीवर रंगीत फुगे लावून कुणीतरी बसतोच. दहा-वीस रुपये द्यावेत, चार-सहा फुगे फोडावेत आणि घरी यावे. त्या बंदुकीची नळी मुद्दाम जराशी वाकडी असते असे म्हणतात. खरेखोटे दुकानदार जाणे!

पुढे महाविद्यालयात आल्यावर मी एन.सी.सी.त नाव दिले. गेल्या वर्षीच्या शिबिरात आम्हाला पॉइंट टू-टू रायफलने पाच गोळ्या झाडायला मिळाल्या. जमिनीवर पालथे पडून, कोपर खड्यांवर टेकवून, श्वास धरून मी त्या झाडल्या. कागद जवळ आणून पाहिला तर पाचही भोके चहाच्या कपाच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत होती. आमचे हवालदारसाहेब कागदाकडे पाहत म्हणाले, “बेटा, हाथ सीधा है. किसी क्लब में जाओ.”

जावे कुठे आणि त्याला पैसे किती लागतात, हे मात्र मला कुणीच सांगू शकले नाही. मैत्रिणींना ठाऊक नव्हते, घरी ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. कुणी म्हणे लाख रुपये लागतात, कुणी म्हणे सरकार सगळे फुकट देते. पुढे मी स्वतः चौकशी केली, एक महिना शिकले आणि पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवला. तो हिशेब माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. नवशिक्याची सुरुवात बहुधा हवाई रायफल किंवा हवाई पिस्तुलाने होते. यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर साडेचार मिलीमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. क्लबात त्याला पॅलेट म्हणतात. छर्र्याचे वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याचे तोंड चपटे असते, कारण टोकदार छर्रा कागद फाडतो आणि चपटा छर्रा पंचिंग मशीनसारखे गोल भोक पाडतो. त्यामुळे गुण मोजणे सोपे जाते. स्पर्धेच्या बंदुकीला हवेची नळकांडी जोडलेली असते. मोटारीच्या टायरात साधारण दोन-सव्वादोन बार दाब असतो, तर या नळकांडीत दोनशेच्या आसपास!

लक्ष्य दहा मीटरवर असते. रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलीमीटरचा, म्हणजे पेन्सिलीने टेकवलेल्या बिंदूएवढा असतो. पिस्तूल एका हाताने धरायचे असल्यामुळे तिथे दहाचे वर्तुळ मोठे, साडेअकरा मिलीमीटरचे ठेवलेले आहे. मोठ्या स्पर्धेत साठ छर्रे सव्वा तासात झाडावे लागतात.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी, कारण घरची माणसे आधी तिलाच घाबरतात. माझ्या आईचा पहिला प्रश्न होता, “काय गो, बंदूक शिकून कोनाला मारणार?” आणि दुसरा, “पोलीस येतील काय घरी?” भारतात शस्त्रांबाबत १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि २०१६ चे नियम लागू आहेत. साडेचार मिलीमीटरपेक्षा मोठी नळी नसलेल्या आणि वीस ज्यूलपेक्षा अधिक शक्ती नसलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. विकणारा ओळखपत्र आणि पत्ता तेवढा नोंदवून घेतो. पॉइंट टू-टूला मात्र परवाना लागतो. शिवाय नवशिक्याने बंदूक विकत घ्यायचीच नसते. ती क्लबाची असते, क्लबातच वापरायची आणि तिथेच परत ठेवायची. हे ऐकल्यावर आईचा जीव भांड्यात पडला.

आता मुख्य विषय, खर्चाचा. मुंबईच्या उपनगरातील ज्या क्लबात मी गेले त्याचे नाव येथे देत नाही. दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात आणि वर्षागणिक बदलतात. तेव्हा हे आकडे अंदाजासाठीच घ्यावेत. पहिली गोष्ट ही कळली की क्लबाचे सभासदत्व आणि नवशिक्यांचा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभासदत्वाची मोठी रक्कम ऐकून पुष्कळजण दारातूनच परत फिरतात. वस्तुतः नवशिक्याला तिची गरज नसते. त्याने एक महिन्याचा प्राथमिक वर्ग करावा. त्यात बंदूक, छर्रे, लक्ष्याचे कागद आणि शिकवणारे, सगळे आले.

माझ्या वहीतील मे महिन्याचे पान असे आहे. अर्ज २०० रुपये. बारा दिवसांचा प्राथमिक वर्ग ४,५०० रुपये. प्रवास १,६८० रुपये. वडापाव-चहा २४० रुपये. एकूण ६,६२० रुपये.

यातील प्रवासाचा आकडा पाहून शहरातील वाचकांना आश्चर्य वाटेल. पण कामण रोड स्टेशनवर वसई-दिवा मार्गाच्या मोजक्याच गाड्या थांबतात. त्या वेळेला मिळाल्या नाहीत तर वाटणीची रिक्षा करून वसई स्टेशन गाठावे लागते. पुढे लोकल आणि उतरल्यावर पुन्हा बस किंवा रिक्षा. विद्यार्थ्यांच्या सवलतीचा पास घर ते महाविद्यालय एवढाच चालतो. पुढचे तिकीट वेगळे. जाऊन-येऊन एका खेपेला १४० रुपये पडत. बारा दिवसांत मी झाडलेल्या छर्र्यांपेक्षा माझा प्रवासच महाग झाला.

याशिवाय एक खर्च वहीत नव्हता. मी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. रविवारचा वर्ग त्या महिन्यात बुडाला, त्याचे १,२०० रुपये हातचे गेले. तेव्हा खरा आकडा ७,८२० रुपये. ज्याच्या घरी रविवार हा सुट्टीचा दिवस असतो, त्याला हा खर्च दिसणारही नाही.

आता या पैशांत काय मिळाले ते सांगते. पहिल्या दिवशी एकही छर्रा झाडू दिला नाही! बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजायचे, नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडेच ठेवायचे, सांगितल्याशिवाय घोड्यावर बोट न्यायचे नाही, हे धडे झाले. मग रिकामी रायफल घेऊन पांढऱ्या भिंतीसमोर उभे केले. भिंतीवर ठिपकासुद्धा नव्हता. मला वाटले, पैसे पाण्यात गेले. परंतु या कोऱ्या सरावाचे मर्म चौथ्या दिवशी कळले. ठिपका समोर असला की डोळे त्याच्यामागे धावतात आणि बोट घोड्याला झटका देते. ठिपका नसला की आपला हात किती हलतो, श्वासाबरोबर नळी कशी वरखाली होते, हे आपले आपल्याला दिसू लागते. मोठमोठे नेमबाजही रिकाम्या बंदुकीने तासन् तास सराव करतात. या खेळातील फार मोठा भाग असा बिनखर्ची आहे, ही गोष्ट नवशिक्याला आधीच सांगायला हवी.

सहा दिवस रायफल आणि सहा दिवस पिस्तूल, असा आमचा वर्ग होता. शिबिरामुळे माझा ओढा साहजिकच रायफलकडे होता. उभ्याने रायफल धरणे मात्र पालथे पडून झाडण्याहून कितीतरी अवघड. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते. ते ओझे तोलण्यासाठी नेमबाज जाड कॅनव्हासचे आणि चामड्याचे ताठ जाकीट, तशीच विजार, हातमोजा आणि सपाट तळाचे बूट घालतात. क्लबातले सामायिक जाकीट मला दोन मापे मोठे होते, तरी ते घातल्यावर भोके चटकन जवळजवळ येऊ लागली. किंमत विचारली. देशी बनावटीचा सगळा पोशाख पंचवीस-तीस हजारांच्या घरात. परदेशी त्याच्या दुपटीहून जास्त. परदेशी स्पर्धा-रायफलीचा भाव दोन लाखांच्या पुढेच सुरू होत होता.

पिस्तुलाचे तसे नाही. हवाई पिस्तूल दीड किलोच्या आतच असावे लागते. त्याला जाकीट लागत नाही, विजार लागत नाही. साधे बूट आणि स्वतःचा हात! नवव्या दिवशी मी आमच्या शिकवणाऱ्या सरांना म्हटले, “सर, मी पिस्तूल घेते.” ते म्हणाले, “तुझी रायफल चांगली होतेय की.” मी गप्प राहिले. मग त्यांनीच विचारले, “जाकिटाचा हिशेब केलास ना?” मी मान हलवली. ते म्हणाले, “हरकत नाही. हिशेब करून आलेली मुले टिकतात.” आवडीचा प्रश्न खिशाने सोडवावा लागला याचे त्या दिवशी वाईट वाटले, हे प्रामाणिकपणे नमूद करते. परंतु पिस्तूलही माझ्या हाताला हळूहळू ओळखू लागले. बाराव्या दिवशी माझे दहापैकी सात छर्रे काळ्या वर्तुळात होते.

येथपर्यंतची पायरी महाग असली तरी अशक्य नाही. दोन-तीन महिन्यांच्या शिकवणीच्या पैशांतून ती मला चढता आली. खरी अडचण दुसऱ्या पायरीपाशी आहे. वर्ग संपल्यावर आठवड्यातून तीनदा सराव ठेवायचा तर महिन्याची फी ३,०००. छर्रे आपले आपण आणायचे. साध्या सरावाच्या पाचशे छर्र्यांची डबी ६०० रुपयांना, म्हणजे एक छर्रा एक रुपया वीस पैशांना. दिवसाला शंभर छर्रे धरले तर बारा दिवसांचे १,४४० रुपये. प्रवास व खाणे पूर्ववत १,९२०. महिन्याकाठी ६,३६० आणि वर्षाचे ७६,३२० रुपये. यात जाकीट नाही, पिस्तूल नाही, स्पर्धेची प्रवेश-फी नाही. स्पर्धेचे छर्रे तर सरावाच्या जवळजवळ दुप्पट किमतीचे.

हा हिशेब मी एका रात्री बाबांना वाचून दाखवला. ते भिवंडीजवळच्या गोदामात कामाला आहेत. महिना चौदा हजार पगार. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “झाडलेला छर्रा परत वापरता नाय येत?” मी सांगितले, लोखंडी पत्र्यावर आपटून तो चपटा होतो, पुढे भंगारात जातो. “म्हंजे दर खेपेला सव्वा रुपया जाळायचा?” असे म्हणून ते उठले. त्यांनी नको म्हटले नाही आणि हो म्हणण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते.

म्हणून मला असा प्रश्न पडला की ज्यांनी ही दुसरी पायरी ओलांडली, त्यांनी ती कशी ओलांडली? उत्तर शोधताना माझ्या ध्यानात आले की प्रत्येकाच्या मागे पदक मिळण्यापूर्वी कुणीतरी उभे होते.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याच दिवशी आपला पालघर जिल्हा दहा वर्षांचा झाला, म्हणून ती तारीख माझ्या चांगली लक्षात आहे. स्वप्निल यांचे वडील शिक्षक. मुलाची निवड शाळकरी वयात शासनाच्या क्रीडाप्रबोधिनीत झाली, तेव्हा शिक्षणाचा भार शासनाने उचलला. तरीही गोळ्यांसाठी वडिलांना कर्ज काढावे लागले. पुढे रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली तेव्हा हात थोडा सैल झाला.

त्यांच्याआधी महाराष्ट्राला ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक मिळाले होते ते ७२ वर्षांपूर्वी, १९५२ साली हेलसिंकीत, कुस्तीगीर खाशाबा जाधव यांच्यामुळे. खाशाबांना जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. एका विद्यार्थ्यासाठी! ही हकीकत मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आले.

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. अंजली भागवत, पूर्वाश्रमीच्या वेदपाठक, मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात एन.सी.सी.मध्ये होत्या. तेथूनच त्यांच्या हाती रायफल आली. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर त्या शिकल्या आणि १९८८ साली अगदी थोड्या दिवसांच्या सरावावर राष्ट्रीय स्पर्धेत उतरून त्यांनी महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळवले. सन २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. म्हणजे त्यांच्यासाठी पहिले दार महाविद्यालयानेच उघडले होते.

या खेळाचा महाराष्ट्राशी संबंध केवळ पदकांचाही नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. त्यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. राष्ट्रीय स्पर्धेच्या अलीकडची जी पात्रता स्पर्धा असते, ती आजही मावळंकरांच्या नावाने भरते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक आणले. तेव्हा हा खेळ परका आहे असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. परका आहे तो खर्च.

आता नव्याने येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थी बंधू-भगिनींसाठी माझ्या अनुभवातून चार गोष्टी सुचवते. एक, आधी एन.सी.सी.त जा, तेथे झाडलेल्या गोळीचे पैसे आपल्याला पडत नाहीत आणि आपला हात कसा आहे हे कळते. दोन, बंदूक, जाकीट, बूट यांपैकी काहीही पहिल्या वर्षात विकत घेऊ नका. प्राथमिक वर्गातच सगळे मिळते. तीन, फी विचारताना छर्रे आणि बंदुकीचे भाडे त्यात धरले आहे का, हे स्पष्ट विचारा, आणि प्रवासाचा आकडा स्वतः मांडा. चार, खिसा लहान असेल तर पिस्तुलाचा विचार करा. त्यात कमीपणा नाही. पॅरिसला मनू भाकर यांनी पहिले कांस्यपदक हवाई पिस्तुलानेच मिळवले.

प्राध्यापक मंडळींपुढे एक विनंती ठेवण्याचे धाडस करते. हवाई पिस्तुलाच्या सरावाला मैदान लागत नाही. दहा मीटर अंतर आणि उभे राहण्यापुरती जागा, पाठीमागे भक्कम भिंत, मध्येच कुणी येणार नाही असे एकच दार आणि देखरेखीला जाणकार माणूस, एवढे पुरते. आवश्यक त्या परवानग्या घेऊन एखाद्या लांबट खोलीत दोन पिस्तुले ठेवता आली, तर वीस मुलांना आळीपाळीने शिकता येईल. तसे झाले तर माझ्या हिशेबातील प्रवास, खाणे, फी आणि बुडालेली शिकवणी हे सगळेच रकाने पुसले जातील. उरतील फक्त छर्रे. आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये नेमबाजी आहेच. आपल्या महाविद्यालयाचे नाव त्या यादीत का असू नये?

माझे म्हणाल तर मी थांबलेले नाही. रविवारची शिकवणी मी बुधवारी संध्याकाळी घेते आणि आठवड्यातून एकदा क्लबात जाते. दिवसाची फी ३००, छर्रे १२०, प्रवास १४०, चहा-वडापाव २०. महिन्याचे २,३२० रुपये. शिकवणीचे तीन हजार मिळतात, त्यात हे बसते. आठवड्याला एका दिवसाच्या सरावावर कुणी राज्यस्पर्धेला पोहोचत नाही, हे सरांनी मला स्वच्छ सांगितले आहे आणि मलाही ते पटते. बाकीचे सहा दिवस मी घरी पाण्याने भरलेली लिटरची बाटली हातात धरून कोऱ्या भिंतीसमोर उभी राहते. तिचे वजन जवळपास पिस्तुलाएवढेच भरते.

परवा बाबा कामावरून आले तेव्हा मी अशीच उभी होते. ते दारात थांबले. हात लटपटायला लागेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “किती झाले?” मी म्हटले, “दीड मिनिट.” ते म्हणाले, “याचे पैशे लागत नाय ना? मग अजून एकदा धर.”